उद्योगपती आबासाहेब गरवारे

छत्रपती संभाजीनगर शहराला २०२३ पर्यंत औरंगाबाद हे नाव होते. ह्या शहरातील मुले क्रिकेटचे सामने पाहण्यास गरवारे स्टेडियमवर जातात. सिडकोच्या वस्तीतील गरवारे कम्युनिटी सेंटर मोठ्यांच्याही परिचयाचे आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावर गरवारे महाविद्यालय आहे आणि मुंबई विद्यापीठातही गरवारे ह्या नावाची एक शिक्षणसंस्था आहे. इतक्या ठिकाणी जे नाव रोज उच्चारले जाते, त्या नावाच्या गृहस्थांविषयी मात्र विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नसते. ते कोठले, त्यांनी काय केले आणि मराठवाड्याशी त्यांचा संबंध कसा जुळला, ह्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आबासाहेबांचे संपूर्ण नाव भालचंद्र दिगंबर गरवारे. त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९०३ रोजी तासगाव येथे झाला. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते. पटवर्धनांनी बांधलेल्या गणपतिमंदिराचे सात मजली गोपूर ही तासगावची जुनी खूण, आणि द्राक्षे व बेदाणा ही नवी. गावात उद्योग म्हणावा असे त्या वेळी काही नव्हते. भालचंद्राचे शालेय शिक्षणही फार पुढे गेले नाही. पुढे ज्यांच्या नावाने महाविद्यालये उभी राहिली, त्यांना स्वतःला महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही, हे येथे नमूद करावयास हवे.

पोटापाण्यासाठी तरुण भालचंद्र मुंबईस आला. मुंबईच्या रस्त्यांवर घोडागाड्यांच्या जोडीला मोटारी धावू लागल्या होत्या. नवी मोटार घेणे थोड्यांनाच परवडे. जुनी मोटार घेऊन ती दुरुस्त करावी आणि विकावी, हा धंदा त्यामुळे निघाला होता. भालचंद्राने तोच धरला. ह्या धंद्यात दोन गोष्टी अंगी असाव्या लागतात. मोटारीचा आवाज ऐकून तिच्या पोटातील दुखणे ओळखता यावे लागते, आणि समोरच्या माणसाचा विश्वास संपादन करता यावा लागतो. कोणत्याही शाळेत न शिकवली जाणारी ही विद्या त्याने कामातूनच मिळवली. मराठी माणसाने नोकरी करावी, व्यापार दुसऱ्यांनी करावा, अशी समजूत त्या काळी घरोघर होती. ती मोडणाऱ्यांत किर्लोस्करांचे नाव आपण आधी घेतो. गरवारे त्याच वाटेने पुढे चालले.

१९२९ मध्ये जगभर मंदीची लाट आली. त्यानंतरच्या काही वर्षांत गरवारे इंग्लंडला गेले. परका देश, परकी भाषा, हाताशी भांडवल बेताचे. परंतु मोटारींच्या बाजारात फिरताना त्यांच्या नजरेने एक गोष्ट टिपली. इंग्लंडच्या हिवाळ्यात धुके आणि बर्फ ह्यांमुळे मोटारी बाहेर काढण्यास लोक नाखूश असत. जुन्या मोटारींच्या किमती त्या दिवसांत उतरत, आणि उन्हाळा जवळ आला की पुन्हा चढत. तेथील व्यापाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही; पण ठाऊक असणे निराळे आणि त्यावर पैसा लावणे निराळे. गरवाऱ्यांनी हिवाळ्यात मोटारी खरेदी केल्या आणि उन्हाळ्यात विकल्या. ज्या देशाचे राज्य आपल्यावर होते, त्याच देशात जाऊन, त्यांच्याच मोटारी त्यांनाच विकणारा हा तासगावचा तरुण म्हणजे त्या काळातील एक नवलच होते.

थंडी आणि ऊब ह्यांनी बाजारभाव कसा बदलतो, हे आबासाहेब तेथे शिकले. थंडी आणि ऊब ह्यांनी पदार्थाचे अंतरंगही बदलते; त्या गोष्टीशी त्यांची गाठ पुढे पडावयाची होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जगात एका नव्या वस्तूचा बोलबाला सुरू झाला. ती म्हणजे प्लास्टिक. लाकूड, शिंग, हस्तिदंत, धातू ह्यांची कामे ती स्वस्तात करू लागली. मोटारींच्या व्यापारात जम बसला असतानाही आबासाहेबांनी ह्या नव्या क्षेत्रात उडी घेतली. आरंभ अगदी लहान वस्तूंनी झाला. सदऱ्याचे बटण, दात घासण्याच्या ब्रशाचे केस, मासे पकडण्याचा नायलॉनचा दोरा अशा गोष्टी त्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडू लागल्या. ब्रशासाठी त्यापूर्वी जनावरांचे राठ केस वापरीत. कोळ्यांची जाळी सुताची असत. ती पाण्यात कुजत व वारंवार वाळवावी लागत. नायलॉन कुजत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळ्याच्या दृष्टीने हा फरक किती मोठा होता, हे शहरातील माणसाला सहसा कळत नाही. १९५७ मध्ये त्यांनी प्लास्टिकच्या धंद्यासाठी जी कंपनी स्थापन केली, तीच वाढत वाढत पुढे पॉलिएस्टरच्या फिल्मपर्यंत येऊन पोचली.

फिल्म ह्या शब्दाने तुम्हांला चित्रपट आठवेल. येथे तिचा अर्थ पातळ, पारदर्शक पडदा असा घ्यावा. तो ज्या पॉलिएस्टरचा बनतो, त्याचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन रेक्स विनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी लावला. विनफील्ड हे आबासाहेबांपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी वडील. खनिज तेलापासून मिळणाऱ्या दोन द्रव्यांचा संयोग घडवून त्यांनी लांबच लांब साखळीसारखे रेणू तयार केले. त्या साखळ्यांचे सूत काढले तेव्हा टेरिलीनचे कापड निघाले, आणि त्या पसरल्या तेव्हा फिल्म निघाली. १९६० साली अमेरिकेने एको-१ हा फुग्यासारखा उपग्रह आकाशात सोडला. त्याचा व्यास सुमारे ३० मीटर, म्हणजे दहा मजली घराएवढा होता; आणि त्याचे अंग मात्र केसाहूनही पातळ अशा पॉलिएस्टर फिल्मचे होते.

अशी फिल्म भारतात व्हावी, ह्या हेतूने गरवारे समूहाने १९७० नंतरच्या दशकात औरंगाबादेत कारखाना उभारला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला होता आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात सामील झाला होता. पाऊस अपुरा, शेती बेभरवशाची, कारखाने जवळजवळ नाहीत, अशी ह्या भागाची स्थिती होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर औरंगाबादेच्या चिकलठाणा भागात आणि नंतर वाळूज येथे कारखान्यांसाठी जमिनी आखल्या गेल्या. गरवाऱ्यांच्या कंपनीचे कारखाने ह्या दोन्ही ठिकाणी आहेत. मुंबई-पुण्यात सर्व सोयी हाताशी असताना दूरच्या, उन्हाने तापणाऱ्या ह्या गावी इतके नाजूक काम करावयाचे, हे धाडसाचे होते. ते नाजूक का होते, हे समजल्याखेरीज आबासाहेबांच्या ह्या उद्योगाचे मोल कळावयाचे नाही. म्हणून थोडे विषयांतर करतो. त्यासाठी आधी स्वयंपाकघरात जावे लागेल.

आई लोणी कढवून तूप करते. भांडे तसेच ओट्यावर झाकून ठेवले आणि तूप सावकाश निवू दिले, तर ते छान रवाळ होते. तेच भांडे घाईने गार पाण्यात ठेवले, तर तूप गुळगुळीत थिजते. तूप एकच, लोणी एकच. फरक केवळ निवण्याच्या वेगाचा. साखरेचेही असेच आहे. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून तो कित्येक दिवस हलवला नाही, तर दोऱ्याभोवती खडीसाखरेचे टपोरे स्फटिक धरतात. पण कढता, घट्ट पाक एकदम थंड केला, तर त्याची काचेसारखी पारदर्शक गोळी होते. तिच्यात स्फटिक शोधूनही सापडत नाहीत.

असे का होते? शाळेतील कवायतीचे मैदान डोळ्यांसमोर आणा. मधल्या सुटीत मुले वाटेल तशी धावत असतात. घंटा झाली आणि रांगेत उभे राहण्यास पुरेसा अवधी मिळाला, तर ती ओळीने उभी राहतात. पण शिक्षकांनी शिट्टी फुंकून जो जेथे आहे त्याने तेथेच स्तब्ध व्हावे असे सांगितले, तर ओळी लागणारच नाहीत. मुख्याध्यापक म्हणून मी हे दृश्य वर्षानुवर्षे पाहिले आहे. पदार्थाचे रेणू असेच वागतात. तापलेल्या रसात ते मोकळे हिंडत असतात. सावकाश निवताना त्यांना ओळी लावण्यास वेळ मिळतो. त्या सुव्यवस्थित ओळींनाच स्फटिक म्हणतात. झटकन निवताना तो वेळ मिळत नाही, आणि रेणू अस्ताव्यस्त स्थितीतच गोठतात.

पॉलिएस्टरचे रेणू तर साखळ्यांसारखे लांब. त्यांना ओळ लावणे साखरेच्या रेणूंहून कठीण, आणि म्हणून त्यांना निवण्याच्या वेगाने मनासारखे वळवणे शक्य होते. कारखान्यात पॉलिएस्टरचे मणी प्रथम तापवून कोरडे करतात. त्यांत ओलावा राहिला, तर पुढील उष्णतेत साखळ्या तुटतात. मग ते सुमारे २८० अंश सेल्सिअसला वितळवतात. तो रस गाळून, एका लांब, अरुंद फटीतून पातळ पडद्याप्रमाणे खाली सोडतात. खाली एक मोठा, आरशासारखा गुळगुळीत रूळ फिरत असतो आणि त्याच्या पोटातून सतत थंड पाणी खेळत असते. रसाचा पडदा त्या रुळावर पडताच क्षणात निवतो.

सर्व मेख ह्या क्षणातच आहे. पॉलिएस्टरचे स्फटिक १७० ते १९० अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने धरतात. त्याहून अधिक उष्णतेत साखळ्या फार चंचल असतात आणि बऱ्याच कमी उष्णतेत त्या फार जड झालेल्या असतात. मधला हा टप्पा पडद्याने धावतच ओलांडला पाहिजे. तेथे तो रेंगाळला, तर त्याच्या अंगात गोल गोल स्फटिकपुंज वाढतात. ते प्रकाश विखुरतात, म्हणून पडदा दुधाळ दिसतो. आणि तो ठिसूळही होतो. रूळ व पडदा ह्यांच्यामध्ये हवेचा लहानसा थर शिरला, तरी तेवढ्या भागाला थंडावा कमी पोचतो. म्हणून विजेच्या भाराने पडदा रुळाला घट्ट चिकटवून ठेवतात. पडदा जाड असला, तर रुळाकडची बाजू आधी निवते व हवेकडची मागे राहते. दोन्ही बाजूंची अंतर्रचना वेगळी झाली की तो वाळल्या पानासारखा वळू लागतो.

मे महिन्यात संभाजीनगरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. पाणचक्कीच्या हौदाकाठी बसलेल्यांना नहरीचे पाणी थंडावा देत आले. पण कारखान्यातील रुळाला तेवढ्याने भागत नाही. त्याचे पाणी शीतयंत्राने गार करावे लागते, आणि हिवाळा असो वा वैशाखवणवा, त्याचे तपमान तसूभरही ढळू द्यावयाचे नसते.

रुळावरून सुटलेला पडदा स्वच्छ असतो, पण अद्याप बळकट नसतो. आता त्याला पुन्हा ८० ते १०० अंशांपर्यंत ऊब देऊन ताणतात. मागील रूळ हळू आणि पुढील रूळ भरभर फिरवला की पडदा लांबीला साडेतीन पटींच्या आसपास वाढतो. मग दोन्ही कडांना चिमटे लावून त्याला रुंदीलाही तेवढाच खेचतात. अस्ताव्यस्त साखळ्या ह्या ताणाने सरळ होतात. साडेतीन गुणिले साडेतीन म्हणजे सुमारे बारा; म्हणजेच १५० मायक्रॉन जाडीचा पडदा अवघ्या १२ मायक्रॉनांच्या जवळ येतो. मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. अशा फिल्मचे ऐंशीहून अधिक थर एकावर एक ठेवावे, तेव्हा कोठे एक मिलिमीटर जाडी भरते! आरंभीचे निवणे बिघडले असेल, तर त्याची शिक्षा येथे मिळते. स्फटिकांनी ठिसूळ झालेला पडदा ताण सोसत नाही, टरकन फाटतो, आणि सगळी यंत्रमाला थांबवून पडदा पहिल्यापासून ओवून घ्यावा लागतो. अखेरीस ताणलेल्या स्थितीतच त्याला २०० अंशांहून अधिक उष्णता देतात. ह्या वेळी स्फटिक मुद्दाम धरू देतात. पण आता साखळ्या ओळीत आलेल्या असल्यामुळे ते अतिशय बारीक राहतात. प्रकाश अडत नाही, आणि फिल्म पुढे उन्हात वा गरम यंत्रात आकसत नाही. आधी ज्यांना कटाक्षाने टाळले, त्यांनाच शेवटी सन्मानाने बोलवावयाचे, असा हा प्रकार आहे.

औरंगाबाद हे हिमरू विणणाऱ्यांचे गाव. जवळच पैठणीचे पैठण. ताण सैल झाला तर वीण बिघडते आणि अधिक झाला तर धागा तुटतो, हे येथील विणकर पिढ्यान्‌पिढ्या जाणत आला आहे. त्याच गावच्या तरुणांनी पुढे पॉलिएस्टरचा पडदा ताणण्याचे काम हाती घेतले, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. इतकेच नव्हे, तर पॉलिएस्टर फिल्मवर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन, तिच्या बारीक चिरफळ्या कापून, हल्लीच्या पुष्कळशा स्वस्त साड्यांची जर करतात.

ह्या फिल्मचे उपयोग सांगू तेवढे थोडे. गाण्याच्या कॅसेटमधील फीत, क्ष-किरणांचे छायाचित्र ज्यावर उमटते तो पत्रा, विजेच्या मोटारींतील तारांमधले आवरण, खाद्यपदार्थांची वेष्टने, खिडकीच्या काचेवर ऊन अडविण्यासाठी लावावयाचा रंगीत पडदा, अशी किती तरी नावे घेता येतील. कॅसेट आता नाहीशा झाल्या. पण उन्हापासून बचाव करणाऱ्या फिल्मसाठी गरवाऱ्यांची कंपनी देशाबाहेरही ओळखली जाते. १९७६ मध्ये आबासाहेबांनी दोर व जाळी तयार करण्यासाठी गरवारे-वॉल रोप्स ही निराळी कंपनीही स्थापन केली.

आबासाहेबांच्या पिढीला प्लास्टिक हे वरदान वाटले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. न कुजणारे जाळे कोळ्याला हवेच होते. परंतु न कुजण्याचा तोच गुण आज नदीनाल्यांच्या काठी आपल्या डोळ्यांसमोर साचलेला दिसतो. अनेक थरांच्या चकचकीत वेष्टनांचे थर पुन्हा सुटे करणे अवघड असते. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर व काही वस्तूंवर बंदी घातली. हा प्रश्न आबासाहेबांच्या हयातीत इतका वाढला नव्हता; तो पुढील पिढीच्या, म्हणजे तुमच्याही वाट्याला आला आहे.

मिळविलेल्या द्रव्याचा मोठा वाटा आबासाहेबांनी शिक्षणाकडे वळविला. पुण्याच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचे १९४५ साली निघालेले महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालते. त्याच संस्थेच्या एका शाळेला त्यांच्या पत्नी विमलाबाईंचे नाव आहे. मुंबई विद्यापीठातील गरवारे संस्था १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिचा भर हाताला काम देणाऱ्या शिक्षणावर आहे. केवळ पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांपेक्षा एखादे कसब शिकलेला तरुण त्यांना अधिक जवळचा वाटत असावा, असे ह्या संस्थेकडे पाहून वाटते. स्वतः त्यांचा मार्ग तोच होता.

१९५९ मध्ये ते मुंबईचे नगरपाल झाले. १९७१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. २ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पॉलिएस्टर कंपनीचे नाव २०२१ मध्ये बदलून गरवारे हाय-टेक फिल्म्स असे ठेवण्यात आले. वाळूज आणि चिकलठाणा येथे कामगारांच्या पाळ्या आजही बदलत असतात. वितळलेल्या रसाचा पडदा गार रुळावर उतरतो, क्षणभरात काचेसारखा स्वच्छ होतो आणि ताणाच्या यंत्राकडे पुढे सरकतो.